पित्तनलिका नीट दिसावी म्हणून

पिपलानीतील मराठी घरांत ‘पित्त’ हा शब्द रोज कानी पडतो. छातीत जळजळले की पित्त, जागरण झाले की पित्त, डोके दुखले की पित्त, आणि घरात कुणाचा आवाज चढला की त्याचे पित्त खवळले. उपायही ठरलेले : आमसुलाचे सार, थंड दूध, नाही तर औषधांच्या दुकानातली गोळी. पोटाच्या उजव्या बाजूला बरगडीखाली कळ येऊन ती पाठीपर्यंत गेली, तरी आपण तिला याच शब्दात बसवतो. मग एक दिवस सोनोग्राफी होते, डॉक्टर हिंदीत ‘पित्त की थैली में पथरी’ म्हणतात, आणि घरातील म्हाताऱ्या माणसांना वाटते की मूतखडा निघाला. कारण पथरी म्हणजे मूतखडा, हे त्यांच्या डोक्यात पक्के बसलेले असते.

म्हणून आधी शब्दांची थोडी सफाई करतो. जळजळ होते ती जठरातल्या आम्लाने. आयुर्वेदातील पित्त हा एक दोष आहे, ती एका विचारपद्धतीतील संकल्पना आहे. आणि ज्याचे खडे होतात ते पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस. तो दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर तयार होतो आणि स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करतो. यकृताच्या खाली नासपतीच्या आकाराची एक पिशवी असते, तिचे नाव पित्ताशय. त्यात हा रस साठतो आणि घट्ट होतो. खडे होतात ते बहुधा तिथेच. आपल्या देशात हा आजार उत्तरेकडे अधिक आढळतो. एस. एल. मल्होत्रा यांनी रेल्वे कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून १९६८ साली ‘गट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवले होते की दक्षिणेपेक्षा उत्तरेत तो सुमारे सातपट आहे. आमच्या वसाहतीत ज्या घरात हे ऑपरेशन झालेले कुणीच नाही असे घर शोधावे लागेल.

मी डॉक्टर नाही. भेलच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी तपासणी विभागात गेली. धातू न तोडता, न कापता त्याच्या आतला दोष शोधणे हे आमचे काम. वेल्डिंगच्या जोडाचे किरणचित्र घ्यायचे, दंडगोलात ध्वनिलहरी सोडून आतली चीर ऐकायची, पृष्ठभागावर चमकणारा द्रव लावून केसाएवढी भेग पाहायची. या लेखाचा विषय माझ्या ओळखीचा वाटला तो या कामामुळे. विषयाकडे वळलो ते मात्र एका वहिनींमुळे.

माझ्या एका सहकाऱ्याच्या पत्नीचे, आम्हा सगळ्यांच्या वहिनींचे, शहरातील एका खाजगी रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. सर्जन अनुभवी होते. दुसऱ्या दिवशी घरी सोडले. तिसऱ्या दिवशी पोट फुगले, बारीक ताप आला. ‘गॅस आहे, दोन दिवसांत उतरेल,’ असे फोनवर सांगण्यात आले. आठव्या दिवशी डोळे पिवळे झाले. नंतर पोटात नळी घालून साचलेले पित्त बाहेर काढावे लागले, आणि एमआरसीपी तपासणीत दिसले की जी नळी जपायची होती तिच्यावरच क्लिप बसली आहे आणि तिचा वरचा भाग कापला गेला आहे. सुमारे तीन महिन्यांनी दुसऱ्या शहरात मोठी शस्त्रक्रिया झाली. लहान आतड्याचा एक भाग वर आणून यकृतातून निघणाऱ्या नळीला जोडण्यात आला. वहिनी आज बऱ्या आहेत, पण दर काही महिन्यांनी यकृताची तपासणी करावी लागते आणि थंडी वाजून ताप आला की घर हादरते.

त्या दिवसांत वसाहतीत एकच प्रश्न होता : इतक्या ऑपरेशनांचा हात असलेला माणूस चुकीची नळी कापेल कसा? कुणी म्हणाले घाई, कुणी म्हणाले निष्काळजीपणा. उत्तर वेगळे आहे.

यकृतातून उजवी आणि डावी अशा दोन नळ्या निघतात व लगेच एक होतात. ही एक झालेली नळी खाली उतरते. वाटेत तिला पित्ताशयाकडून येणारी एक आखूड नळी मिळते. तिथून पुढे ती स्वादुपिंडाच्या मागून जात लहान आतड्याच्या सुरुवातीला उघडते. या लेखापुरते मी पित्ताशयाकडून येणाऱ्या नळीला जोडनळी म्हणतो आणि यकृतापासून आतड्यापर्यंतच्या वाटेला मुख्य नळी. ऑपरेशनमध्ये जोडनळी आणि पित्ताशयाची रक्तवाहिनी या दोनच गोष्टी कापायच्या असतात. जोडनळी दोन-तीन मिलिमीटर जाडीची, मुख्य नळी सहा-सात मिलिमीटरपर्यंत. पुस्तकातल्या आकृतीत एक निळी, एक हिरवी, मध्ये भरपूर पांढरा कागद. पोटात मात्र सगळे पिवळ्या चरबीत बुडालेले असते, आणि वारंवार सूज आलेल्या पित्ताशयाभोवती तर चिकट जाळे झालेले असते. काहींची जोडनळी जन्मतःच अगदी आखूड असते, काहींची मुख्य नळीला समांतर उतरते, आणि काहींमध्ये यकृताच्या उजव्या भागातील एखादी नळी भलत्याच ठिकाणी येऊन मिळते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आणखी एक भर पडते. पित्ताशय चिमट्यात धरून वर ओढावे लागते. त्या ओढीने जोडनळी आणि मुख्य नळी एका रेषेत येतात. पडद्यावर सपाट चित्र, बोटांना स्पर्श नाही. पित्ताशयाच्या मानेपासून एक नळी सरळ खाली जाताना दिसते, आणि ती जोडनळीच आहे असे मनाला पटते. ती मुख्य नळी असू शकते.

लॉरेन्स वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली पित्तनलिकेच्या अशा २५२ इजांची छाननी प्रसिद्ध केली. हाताचे कौशल्य कमी पडल्यामुळे झालेल्या इजा फक्त ३ टक्के होत्या. उरलेल्या ९७ टक्क्यांत मूळ कारण होते दृष्टिभ्रम. सर्जनने जे कापायचे ठरवले तेच सफाईने कापले होते. ते ओळखण्यातच चूक झाली होती. आणि भ्रम पूर्ण असल्यामुळे बहुतेकांना शस्त्रक्रिया संपेपर्यंत काही बिघडल्याची शंकाही आली नव्हती.

लेखक आणि शिक्षक मंडळींना हे समजायला जड जाऊ नये. स्वतःच्या लेखाचे मुद्रित आपण पाचव्यांदा तपासतो आणि ‘परिस्थिती’तली वेलांटी चुकलेली तशीच सुटते. डोळा कागदावरचे वाचत नाही, मनात आधीच असलेले वाचतो. अधिक बारकाईने बघा असे सांगून उपयोग होत नाही, कारण बघणारा बारकाईनेच बघत असतो. मजकूर ज्याच्या मनात नाही असा दुसरा वाचक लागतो. शस्त्रक्रिया चालू असताना नळ्यांचे चित्र घेणे म्हणजे असा दुसरा वाचक टेबलापाशी बोलावणे.

ही कल्पना नवी नाही. पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १५ जुलै १८८२ रोजी केली. त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, १९३१ साली, अर्जेंटिनातील कोर्दोबा येथील पाब्लो मिरिझी यांनी शस्त्रक्रिया चालू असतानाच पित्तनलिकांत आयोडीनयुक्त तेल सोडून क्ष-किरणचित्र घेतले. त्यांचा मुख्य हेतू नळीत राहून गेलेला खडा शोधणे हा होता. पुढे १९४८ साली त्यांनी वर्णन केलेल्या एका स्थितीला आज त्यांचेच नाव आहे : पित्ताशयाच्या मानेत अडकलेला खडा बाहेरून मुख्य नळीला दाबतो आणि दोन्ही नळ्या जणू एकमेकींना चिकटतात. सर्जनला सर्वांत जास्त फसवणाऱ्या परिस्थितींत तिची गणना होते, हा एक विचित्र योगायोग.

चुकीच्या नळीची किंमत किती मोठी असू शकते याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ब्रिटनचे अँथनी ईडन. एप्रिल १९५३ मध्ये, ते परराष्ट्रमंत्री असताना, लंडनमध्ये त्यांचे पित्ताशय काढले गेले आणि पित्तनलिकेला इजा झाली. त्याच महिन्यात पुन्हा टेबलावर घ्यावे लागले, आणि जूनमध्ये बोस्टनला जाऊन रिचर्ड कॅटेल यांच्याकडून नळीची दुरुस्ती करून घ्यावी लागली. दुरुस्त केलेल्या नळीत जंतुसंसर्ग होऊन ताप येणे पुढे चालूच राहिले. ऑक्टोबर १९५६ मध्ये, सुएझचा पेच ऐन रंगात असताना, पंतप्रधान ईडन यांचा ताप १०६ अंश फॅरनहाइटवर गेला होता. जानेवारी १९५७ मध्ये त्यांनी प्रकृतीच्या कारणाने राजीनामा दिला. त्यांच्या निर्णयांवर या आजाराचा परिणाम किती, यावर इतिहासकार अजून भांडतात. त्यात आपण पडू नये. पण ते ऑपरेशन पोट उघडून केलेले होते, म्हणजे ही इजा दुर्बिणीसोबत जन्मली असे नाही.

दुर्बिणीने तिचे प्रमाण मात्र वाढवले. १९८५ साली जर्मनीत एरिक म्युहे यांनी आणि १९८७ साली फ्रान्समध्ये फिलिप मुरे यांनी या पद्धतीने पित्ताशय काढले. भारतात हे पाऊल मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पडले. डॉ. तेहमटन उदवाडिया तिथे १९७२ पासून निदानासाठी दुर्बीण वापरत होते, आणि १९९० साली त्यांनी तिच्यातून पित्ताशय काढले. सरकारी रुग्णालयातल्या गरीब रुग्णाला लवकर कामावर परतता यावे हा त्यांचा आग्रह असे. मोलमजुरी करणाऱ्याला महिनाभर अंथरुणात राहणे परवडत नाही, म्हणून त्यालाच ही पद्धत अधिक गरजेची, हा त्यांचा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो. छोट्या जखमा, कमी वेदना, दोन दिवसांत घर : फायदे खरेच आहेत. पण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत हजारात एक-दोन असलेली नळीची इजा दुर्बिणीत हजारात तीन ते पाच किंवा किंचित अधिक झाली, आणि अनुभव वाढूनही ती अपेक्षेइतकी उतरली नाही.

आता चित्राकडे. प्रचलित नाव कोलँजिओग्राम. मराठीत ‘पित्तनलिकाचित्र’ म्हणायला हरकत नाही, पण रुग्णालयात तो शब्द उच्चारून पाहा, कंपाउंडरही मान वर करणार नाही. तेव्हा प्रचलित नावच ठेवू. पित्ताशयाजवळच्या नळीला बारीक छेद देऊन तीत पातळ नळी सरकवतात, आयोडीनयुक्त द्रव सोडतात, आणि टेबलाभोवती फिरणाऱ्या सी-आर्म नावाच्या यंत्रावर द्रव पुढे सरकताना दिसतो. मिरिझींच्या काळी फिल्म धुऊन येईपर्यंत वाट पाहावी लागे, आज चित्र तत्क्षणी पडद्यावर येते. सगळ्याला दहा-पंधरा मिनिटे लागतात. किरणांची मात्रा थोडी असते, तरी खोलीतील मंडळी शिशाचे अंगरखे घालतात.

या चित्रात काय पाहायचे? द्रव खाली आतड्यात पोचला का. वर यकृतातील उजवी आणि डावी, दोन्ही बाजूंच्या शाखा भरल्या का. मधेच कुठे गळती किंवा खड्याची सावली आहे का. यातला दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. द्रव नुसता खाली गेला, खालची नळी सुंदर उमटली आणि वरच्या शाखा उमटल्याच नाहीत, तर पातळ नळी जोडनळीत नसून थेट मुख्य नळीत असण्याची आणि वरची बाजू क्लिपने बंद झालेली असण्याची शक्यता आहे. इथे थांबायचे असते. द्रव वर चढला नाही, टेबल तिरके करून पुन्हा बघू, मग सोडून देऊ, असे होता कामा नये. वे यांच्या छाननीत आणि इतरत्रही चित्र घेतलेले होते पण चुकीचे वाचले गेले, अशा घटना आढळतात.

आमच्या विभागात वेल्डिंगच्या जोडाचे किरणचित्र घेताना शेजारी बारीक तारांची एक पट्टी ठेवत असत. तिला आम्ही पेनिट्रामीटर म्हणत असू. फिल्मवर सर्वांत बारीक ठरलेली तार उमटली नाही, तर त्या फिल्मवर दोष दिसत नाही या गोष्टीला काडीची किंमत नसे. आधी चित्र दाखवू शकते की नाही हे तपासायचे, नंतर ते काय दाखवते ते. यकृतातल्या दोन्ही शाखा उमटणे ही कोलँजिओग्रामची तार आहे.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो : चित्र घेण्यासाठीच नळीला छेद द्यावा लागतो, म्हणजे ओळखण्यात चूक झाली असेल तर इजा झालीच की! खरे आहे. पण मुख्य नळीवरचा दोन मिलिमीटरचा छेद त्याच बैठकीत शिवता येतो. ती नळी आरपार कापून तिचा तुकडा पित्ताशयासोबत बाहेर काढला गेला, तर वहिनींच्या वाट्याला आले ते येते.

दुसरी पद्धत ध्वनिलहरींची. दुर्बिणीच्या छिद्रातून बारीक सोनोग्राफीचा शोधक आत नेऊन तो नळ्यांवर टेकवतात. यात किरण नाहीत, छेद नाही, हवे तितक्या वेळा पाहता येते. पण तो फिरवण्याचा आणि राखाडी ठिपके वाचण्याचा सराव लागतो. तो थोड्याच सर्जनांना असतो.

तिसरी पद्धत मला वैयक्तिकरीत्या सर्वांत मोहक वाटते. इंडोसायनिन ग्रीन हे हिरवे रंगद्रव्य कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत छायाचित्रणासाठी १९५५ साली विकसित झाले आणि लगेचच वैद्यकात आले. ते शिरेतून दिले की यकृत ते रक्तातून उचलते आणि जसेच्या तसे पित्तात टाकते. नजरेला न दिसणाऱ्या, लाल रंगाच्या थोड्या पलीकडच्या प्रकाशात ते चमकते. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी ठरावीक वेळ सुई टोचली आणि कॅमेऱ्याचा तो दिवा लावला की चरबीआडची पित्तनलिका पडद्यावर हिरवी उजळते. कारखान्यात चमकणारा द्रव लावून अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली चीर पाहायचो, तोच प्रकार. यात छेद द्यावा लागत नाही, म्हणजे कापण्याच्या आधी वाचता येते, आणि शस्त्रक्रिया चालू असताना पुन:पुन्हा पाहता येते. मर्यादा अशी की हा प्रकाश पाच ते दहा मिलिमीटरपलीकडच्या ऊतींतून बाहेर येत नाही. ज्या पोटात सूज आणि चिकटण सर्वांत जास्त, म्हणजे ज्याला मदतीची गरज सर्वांत जास्त, तिथेच तो कमी पडतो. नळीतले खडेही तो नीट दाखवत नाही. रंगद्रव्यात आयोडीन असल्यामुळे त्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी सांगायला हवे.

मग प्रत्येक ऑपरेशनमध्ये चित्र घ्यावे का? यावर जगभर एकमत नाही आणि ते का नाही हे समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील वृद्धांच्या शासकीय विमा योजनेतील सुमारे १५ लाख ७० हजार शस्त्रक्रियांची आकडेवारी डेव्हिड फ्लम यांनी २००३ मध्ये मांडली. चित्र घेतलेल्यांत मुख्य नळीच्या इजा ०.३९ टक्के, न घेतलेल्यांत ०.५८ टक्के. हा फरक पूर्णपणे चित्रामुळेच धरला तर सव्वापाचशे वेळा चित्र घेतल्यावर एक इजा टळते असा माझा हिशेब येतो. २०१३ साली टेक्सासमधील सुमारे ९३ हजार शस्त्रक्रियांचा अभ्यास झाला. त्यात वरवर असाच फरक दिसला, पण चित्र घेणारे सर्जन आणि रुग्णालये मुळातच वेगळी असू शकतात हे गणितात धरल्यावर तो टिकला नाही. इजा इतकी विरळ आहे की चिठ्ठ्या टाकून दोन गट करणारा निर्णायक प्रयोग करायला फार मोठ्या संख्येने रुग्ण लागतील. स्वीडनमध्ये बहुतांश शस्त्रक्रियांत चित्र घेतात आणि २००५ पासून देशभराची नोंदवहीच आहे. अनेक देशांत ते शंका आली तरच घेतात. मला विचाराल तर ‘शंका आली तर’ हा निकष कच्चा आहे, कारण भ्रमाचे लक्षणच हे की शंका येत नाही. पण छोट्या रुग्णालयात सी-आर्मच नसेल तर सरसकट आग्रहही पोकळ ठरतो.

चित्र असो वा नसो, आधीची पायरी सर्वांना परवडणारी आहे. स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ साली तिला नाव दिले. मराठीत ‘सुरक्षिततेचे निर्णायक दृश्य’ म्हणू. काहीही कापण्याआधी पित्ताशय आणि यकृत यांच्यामधील त्रिकोणी जागा चरबी व पडद्यांपासून पूर्ण साफ करायची. पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतावरून सोडवायचा. आणि पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच गोष्टी, फक्त दोन, आरपार दिसल्या पाहिजेत. तोवर क्लिप नाही. सूज फार असल्याने हे दृश्य मिळतच नसेल, तर हट्ट सोडायचा : चित्र घ्यायचे, दुसऱ्या सर्जनला बोलवायचे, पोट उघडायचे, किंवा पित्ताशयाचा तळाचा भाग तसाच ठेवून वरचाच भाग काढायचा. दुर्बिणीतून सुरू केलेले ऑपरेशन पोट उघडून पूर्ण केले की आपल्याकडे नातेवाईक ‘ऑपरेशन बिघडलं’ म्हणतात. हा समज सर्जनवर नको तिथे दडपण आणतो. बहुतेक वेळा तो त्या दिवसाचा सर्वांत शहाणा निर्णय असतो.

गेल्या वर्षी माझ्या पत्नीचे ऑपरेशन ठरले तेव्हा मी सर्जनना हे सगळे विचारले. ते मराठी नव्हते, संभाषण हिंदीत झाले. राग येईल अशी धास्ती होती. ते म्हणाले, “अच्छा हुआ आपने पूछा.” मग सांगितले की कापण्याआधीच्या दृश्याचा फोटो ते प्रत्येक वेळी घेऊन ठेवतात, सी-आर्म शेजारच्या खोलीत आहे, हिरव्या रंगद्रव्याचा कॅमेरा त्यांच्याकडे नाही. प्रत्यक्षात चित्राची गरज पडली नाही. ऑपरेशनच्या टिपणात एक ओळ होती की दोन संरचना ओळखल्या, फोटो नोंदवला, कोलँजिओग्राम केला नाही. ती ओळ वाचून मला नोकरीतल्या तपासणी-अहवालांची आठवण झाली. काय केले याच्याइतकेच काय केले नाही हेही लिहिलेले असावे.

आणि इजा झालीच तर? ती टेबलावरच लक्षात आली तर निम्मी लढाई जिंकली. नळी दुरुस्त करण्याचा सराव असलेला सर्जन तिथे असेल तर तेव्हाच दुरुस्ती होते. नसेल तर प्रयोग न करता पित्त बाहेर वाहून जाईल अशी नळी ठेवायची, नातेवाइकांना खरे सांगायचे आणि रुग्णाला अशा कामाच्या मोठ्या केंद्रात पाठवायचे. पहिली दुरुस्ती सरावाच्या हाताने झाली तर ती टिकण्याची शक्यता पुष्कळ असते, आणि अर्धवट प्रयत्नांनंतर केलेली प्रत्येक पुढची दुरुस्ती अवघड होत जाते.

घरी परतल्यावर पाहायच्या खुणा साध्या आहेत. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर प्रकृती रोज थोडी सुधारायला हवी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटदुखी वाढत असेल, पोट फुगत असेल, ताप किंवा हुडहुडी असेल, डोळे पिवळे, लघवी गडद आणि शौच पांढुरके होत असेल, तर गॅस म्हणून वाट पाहू नये. त्याच दिवशी परत जाऊन सोनोग्राफी आणि रक्ततपासणी मागावी.

भोपाळमध्ये बहुतेक वेळा हे बोलणे हिंदीतच होणार, म्हणून घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी हे तीन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत : “काटने से पहले का फोटो रखते हैं क्या? ज़रूरत पड़ने पर कोलांजियोग्राम की सुविधा यहीं है क्या? नली में दिक्कत निकली तो मरीज़ को कहाँ भेजेंगे?” आणि घरी सोडताना डिस्चार्जच्या कागदासोबत ऑपरेशनचे टिपण व फोटो मागून घ्यावेत. वहिनींच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी पहिल्या रुग्णालयाचे टिपण मिळवायलाच आम्हाला अकरा दिवस लागले होते, आणि त्यात नळीबद्दल अवघे चार शब्द होते.